घरात भाज्यांची रोपं (उत्तर अमेरिका): मिरची मार्चमध्ये, दुधी मेमध्ये

रानजाई | १९ जानेवारी

बागकामाच्या मोठ्या धाग्यात रोपांचे प्रश्न विखुरले जातात, म्हणून घरात रोपं करण्यापुरता हा वेगळा धागा. हिशोब न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, ओंटारिओ अशा थंड भागाचा आहे. फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्सासवाल्यांना इथल्या तारखा चालणार नाहीत, पद्धत चालेल.

आधी तारीख ठरवा आणि तिथून उलटं मोजा. झोनवरून तारीख काढू नका. यूएसडीएचा (अमेरिकेच्या कृषी खात्याचा) झोन (नकाशा २०२३ मध्ये सुधारला) हिवाळ्यात सरासरी नीचांक किती जातो एवढंच सांगतो, म्हणजे अंजिराचं झाड जगेल का वगैरे. सिअ‍ॅटल आणि उत्तर फ्लोरिडा दोन्ही झोन ९ मध्ये येतात, पण टोमॅटो बाहेर लावायच्या तारखांत दोन महिन्यांचा फरक आहे. आपल्याला हवी ती शेवटच्या फ्रॉस्टची, म्हणजे वसंतात पारा शेवटचा गोठणबिंदूपाशी उतरतो ती तारीख. नोआच्या (अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेच्या) १९९१-२०२० च्या तक्त्यात जवळच्या हवामान केंद्राची ५०% आणि १०% शक्यतेची तारीख मिळते. १०% वाली घ्या (तिच्यानंतर फ्रॉस्टची शक्यता दहात एकच), आणि ३२ ऐवजी ३६ °फॅ.चा रकाना बघा. तापमापक जमिनीपासून पाच-सहा फुटांवर असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत त्याहून चार-पाच अंश कमी असू शकतं.

समजा तुमची टोमॅटो बाहेर लावायची तारीख १५ मे आहे. मिरची-वांगी, भेंडी आणि वेलभाज्यांना त्यानंतर आणखी दहा दिवस द्या, कारण त्यांना नुसता फ्रॉस्ट टळून भागत नाही, माती गरम लागते. मग हिशोब असा:

भूत जोलोकिया आणि तसल्या जहाल मिरच्या: १४ आठवडे आधी, १६ फेब्रुवारी
साधी मिरची, ढोबळी मिरची: ११ आठवडे, ९ मार्च
वांगी: १० आठवडे, १६ मार्च
कोबी, फ्लॉवर, नवलकोल (हे १० एप्रिललाच बाहेर जातात): ५ आठवडे, ६ मार्च
टोमॅटो: ७ आठवडे, २७ मार्च
भेंडी: ४ आठवडे, २७ एप्रिल
दुधी, दोडका, कारलं, पडवळ, काकडी: ३ आठवडे, ४ मे

मेथी, मुळा, गाजर, पालक यांची रोपं करू नका, थेट मातीत पेरा. कोथिंबिरीचंही तेच. सोटमूळ दुखावलं की ती लगेच फुलावर येते.

झुणका_भाकर | १९ जानेवारी

दुधी मेमध्ये? मग तो फळणार कधी? फेब्रुवारीत लावला तर तीन महिने जास्त मिळतील ना?

रानजाई | २० जानेवारी

नाही मिळत. वेलवर्गाची मुळं चार इंची कुंडीत तीन-साडेतीन आठवड्यांत गोल फिरायला लागतात, आणि तेव्हाच वेल ताणे टाकून शेजारच्या दिव्याच्या वायरला धरतो. असं अडकलेलं रोप मेमध्ये बाहेर गेलं की दोन-तीन आठवडे ढिम्म बसतं. त्याच्या शेजारी ४ मेला पेरलेलं रोप जूनअखेर त्याला गाठतं. टोमॅटोचंही असंच: फुलं आलेलं, फूटभर उंच, पिवळं पडलेलं रोप लावण्यापेक्षा सात-आठ इंचांचं, पेन्सिलीएवढ्या जाड बुंध्याचं रोप बरं.

मिरची मात्र खरंच सावकाश वाढते. एखाद-दोन आठवडे आधी पेरायचंच असेल तर तिलाच तो मान द्या.

दिवेलागण | २० जानेवारी

उजेडाबद्दल सविस्तर लिहितो, कारण ९०% रोपं इथेच बिघडतात (आकडा मोजलेला नाही, बोलायची पद्धत!).

दक्षिणेची खिडकी पुरत नाही. फेब्रुवारीत दिवस साडेदहा-अकरा तासांचा, सूर्य खाली, त्यातले निम्मे दिवस ढगाळ. रोप उजेडाकडे मान काढतं आणि लांबट, काटकुळं होतं. काचेजवळ रात्री थंडी असते ती वेगळीच.

महागडे जांभळे 'ग्रो लाइट' लागत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला चार फुटी एलईडी शॉप लाइट, ४०००-५००० केल्विन, ४०-४५ वॅट, पुरतो. साखळीने टांगा म्हणजे वरखाली करता येईल. रोपाच्या शेंड्यापासून ४ ते ६ इंच. जुने फ्लुरोसंट टी-८ असतील तर २-३ इंच. टायमर लावून १६ तास चालू, ८ तास बंद. चोवीस तास चालू ठेवू नका, टोमॅटोची पानं त्याने पिवळी पडतात.

मोजायचं असेल तर फोनवर लक्समीटर घ्या. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ६५ ने भागलं की झाडाला उपयोगी प्रकाशाचा, म्हणजे पीपीएफडीचा, ढोबळ आकडा मिळतो. शेंड्याशी १३,००० लक्स = साधारण २००. २०० × १६ तास × ०.००३६ = दिवसाला ११.५ मोल. रोपांना १० ते १५ हवेत. वीज म्हणाल तर ४० वॅट × १६ तास = ०.६४ युनिट रोज, साठ दिवसांचे ३८ युनिट.

आता जागेचं गणित, जे कोणी आधी करत नाही. चार फुटी दिव्याखाली १० × २० इंची दोन ट्रे लांबीत बसतात. ७२ खणांचे घेतले तर १४४ रोपं. वा वा. पण तीच रोपं तीन आठवड्यांनी साडेतीन इंची कुंड्यांत गेली की एका ट्रेवर १८ च कुंड्या बसतात, म्हणजे दिव्याखाली ३६. उरलेली १०८ कुठे ठेवणार ते जानेवारीतच ठरवा.

झुणका_भाकर | २१ जानेवारी

१०८! जपमाळच झाली. बरं, माती कुठली? परसातली चालेल का?

मृद्गंध | २१ जानेवारी

परसातली नको. छोट्या खणात ती दगडासारखी बसते, पाणी धरून ठेवते, आणि सोबत बुरशी आणते. घरीच मिश्रण करा: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ भाग, परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (दोन्ही हलके, फुगवलेले खनिज दाणे) १ भाग. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट चार लिटर कोमट पाण्यात टाका, अर्ध्या तासात फुगून आठ-नऊ लिटर होते. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब गळले पाहिजेत. धार लागली तर ओलं जास्त, काहीच गळलं नाही तर कमी. ट्रे भरण्याआधीच भिजवायचं. कोरडं मिश्रण खणात भरून वरून पाणी घातलं की वरचा अर्धा इंच भिजतो आणि आत कोरडं राहतं, विशेषतः पीट मॉस असेल तर.

कोकोपीटची एक खोड: ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडतं. 'बफर केलेलं' असं पाकिटावर लिहिलेलं घ्या. स्वस्त विटेत मीठही असतं, ती दोनदा धुऊन घ्या.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल. मिरची-वांगं-टोमॅटो पाव इंच, दुधी-कारलं पाऊण ते एक इंच. वर व्हर्मिक्युलाइटचा पातळ थर द्या. पृष्ठभाग कोरडा राहतो आणि शेवाळ धरत नाही.

शिराळे | २ फेब्रुवारी

भारतातून आणलेलं बी वापरता येईल का? आणि दुकानातल्या लाल मिरच्यांचं?

बांधावरची | २ फेब्रुवारी

अमेरिकेत बी खिशातून आणू नका. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं, नाहीतर 'स्मॉल लॉट्स ऑफ सीड'चा परवाना आधी काढावा लागतो. त्यात एका पाकिटात एका जातीचं ५० बी किंवा १० ग्रॅम अशी मर्यादा असते. काहीही असलं तरी विमानतळावर जाहीर करा. भारतीय भाज्यांचं बी विकणाऱ्या कंपन्या आता इथेच आहेत, ते सोपं.

वाण्याकडच्या मसाल्याच्या मिरचीतलं बी उगवलं तर उगवलं. उन्हात किंवा भट्टीत किती तापलंय कळत नाही, आणि संकरित मिरची असेल तर पुढची पिढी तशीच येत नाही. पेरण्याआधी चाचणी घ्या. दहा बिया ओल्या पेपर टॉवेलमध्ये, झिपच्या पिशवीत, उबेत. सात उगवल्या तर ७०%, मग खणात दोन-दोन टाका. जुन्या पाकिटांत कांद्याच्या बियाचा भरवसा वर्षभरच. भेंडी दोन वर्षं, मिरची दोन-तीन, टोमॅटो आणि वांगं चार, काकडी-दुधी पाच.

दुसरी गोष्ट कॅटलॉगमध्ये क्वचित लिहिलेली असते. वाल आणि पावट्याचे बरेचसे गावठी वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. ४० अंश अक्षांशावर ते सप्टेंबरच्या शेवटी कळ्या धरतात आणि ऑक्टोबरात फ्रॉस्ट येतो. वेल मंडपभर, शेंग एक नाही. अंबाडीही फुलाबोंडांच्या बाबतीत तशीच (पानांपुरती हवी असेल तर बिनधास्त लावा). दिवसाच्या लांबीवर न अवलंबणारा वाण मागून घ्या, नाहीतर घरात कितीही लवकर रोप केलं तरी उपयोग नाही.

ओंटारिओकर | २१ फेब्रुवारी

मिरची पेरून दहा दिवस झाले की लोक विचारायला येतात, "उगवली नाही, बी खराब का?" म्हणून आधीच आकडे देतो. मातीचं तापमान १५ °से. असेल तर मिरची सुमारे २५ दिवस घेते, २० ला १३, २५ ला ८. टोमॅटो १५ ला १४ दिवस, २० ला ८, २५ ला ६. घर २० वर असलं तरी तळघरातल्या ओल्या ट्रेमधली माती १६-१७ वरच असते.

उपाय म्हणजे हीट मॅट, ट्रेखाली ठेवायची विजेची गरम चटई. ती खोलीच्या तापमानापेक्षा ६ ते ११ °से. वर नेते. थर्मोस्टॅट घ्याच, त्याचा सेन्सर मातीत खुपसा (हवेत लोंबकळत नको) आणि मिरची-वांग्याला २८ ठेवा. मॅटखाली थर्माकोलचा तुकडा, नाहीतर निम्मी ऊब फरशीला जाते.

पहिली रोपं दिसली की मॅट बंद आणि ट्रेवर झाकण असेल तर तेही काढा. उगवायला ऊब लागते, पण वाढायला दिवसा २०-२१ आणि रात्री १७-१८ पुरे. मॅट चालू ठेवली तर रोप ताणतं.

लेट्यूस मात्र मॅटवर ठेवू नका. २७ च्या वर त्याचं बी झोपून जातं.

शिराळे | २१ फेब्रुवारी

मॅटऐवजी ओव्हनमधला दिवा लावून ठेवला तर? दही तसंच लागतं.

ओंटारिओकर | २२ फेब्रुवारी

पेपर टॉवेलमधल्या बियांना चालतो, पण आधी आत तापमापक ठेवून बघा. काही ओव्हन नुसत्या दिव्याने ३८-४० पर्यंत जातात. दह्याला ते मानवतं, मिरचीला नाही. इन्स्टंट पॉटचा दह्याचा मोड तर नकोच, तो ४० च्या आसपास असतो. आणि ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवा. कोणीतरी पिझ्झासाठी ४०० वर लावतंच.

बांधावरची | २४ फेब्रुवारी

कडक कवचाच्या बियांबद्दल: कारलं आणि पडवळ नेलकटरने टोकदार बाजूच्या शेजारी किंचित कापा किंवा सॅंडपेपरवर घासा, आतल्या पांढऱ्याला धक्का न लावता. मग १२ ते २४ तास कोमट पाण्यात, त्यानंतर २८-३० °से. भेंडी नुसती रात्रभर भिजवली तरी चालते. २४ तासांपेक्षा जास्त पाण्यात ठेवलं की बी गुदमरतं.

हळद-आल्यासाठी फेब्रुवारी-मार्च हीच वेळ. डोळे सुजलेले तुकडे बघून घ्या (काही आल्यावर कोंब न येण्याची प्रक्रिया केलेली असते), ओलसर कोकोपीटमध्ये उबेत ठेवा. कोंब यायला महिना लागू शकतो. तोवर पाणी अगदी बेताचं, नाहीतर कुजतं.

झुणका_भाकर | १९ मार्च

मदत हवी! मिरच्या उगवल्या, छान दोन पानं आली, आणि आज सकाळी चार आडव्या. देठ मातीशी सुतासारखा बारीक झालाय. आणि ट्रेवर बारीक काळी चिलटं उडतात.

खोडकिडा | १९ मार्च

दोन वेगळ्या तक्रारी, कारण एकच: ओल.

आडवी पडलेली म्हणजे रोपं कोलमडणं, शेतीच्या पुस्तकात 'मर'. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशा. पडलेलं रोप वाचत नाही. आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने उचलून टाका. बाकीच्यांसाठी झाकण काढा आणि छोटा पंखा अंगावर नव्हे तर वरून जाईल असा लावा. पाणी खालून द्या: ट्रेमध्ये अर्धा इंच ओता, वीस मिनिटांनी उरलेलं फेकून द्या. पुढचं पाणी वरची माती फिकट झाल्यावर आणि ट्रे उचलून हलका लागल्यावरच. दालचिनीची पूड लोक टाकतात. टाका हवी तर, पण ओल कमी केली नाही तर तिचा उपयोग नाही. जुने ट्रे पुढच्या वेळी १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून घ्या.

चिलटं म्हणजे फंगस नॅट. उडणारी पिवळ्या चिकट कार्डावर अडकतात, पण मुळं खातात त्या मातीतल्या अळ्या. त्यांना बीटीआय (अळ्या मारणारा जिवाणू). डासांसाठी दाणे मिळतात ते ४ टेबलस्पून, एक गॅलन पाण्यात अर्धा तास भिजवून गाळा आणि ते पाणी द्या. ते अळ्यांवरच चालतं, म्हणून दर आठवड्याला एकदा, तीन वेळा.

रानजाई | ६ एप्रिल

टोमॅटोला पहिली खरी पानं (बीजदलानंतरची, कातरलेली) आली की खत सुरू करा, त्याआधी नको. २०-२०-२० विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे १०० पीपीएम नायट्रोजन, आठवड्यातून एकदा. पाकिटावर लिहिलेला पूर्ण डोस नको. फिश इमल्शन (मासळीचं द्रवखत) उत्तम असतं, पण तळघरात चार दिवस भाऊच्या धक्क्याचा वास येईल.

दोन खरी पानं आली की मोठ्या कुंडीत हलवा. रोप पानाला धरून उचला, देठाला धरू नका. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चेमटला तर संपलं. टोमॅटो बीजदलापर्यंत खोल पुरा. देठाला मुळं फुटतात. काटकुळ्या रोपावर हाच उपाय. मिरची-वांगं होतं तेवढ्याच खोलीवर लावा.

शिराळे | ८ एप्रिल

टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झालीय. स्फुरद कमी?

मृद्गंध | ८ एप्रिल

स्फुरद मातीत असतं, पण मुळं थंड असली की रोप ते उचलू शकत नाही. म्हणून जास्तीचं खत घालू नका, आधी तापमान बघा. माती १६ च्या खाली असेल तर ट्रे जमिनीवरून वर घ्या. नवीन पानं हिरवी आली की झालं, जुनी तशीच राहतील.

एलईडीखाली पानांच्या मागे बारीक पांढरट पुरळ दिसलं तर तो रोग नाही. अतिनील किरण नाहीत, वर दमट हवा, त्यामुळे पेशी फुगतात. बाहेर गेल्यावर थांबतं.

आणि शेंड्याची पानं फर्नसारखी वळून अरुंद झाली असतील तर शेणखताची पिशवी तपासा. कुरणावर मारलेलं अमिनोपायरॅलिडसारखं तणनाशक गाईच्या पोटातून जाऊनही शेणात टिकतं. नवीन पिशवी आणली की तीन कुंड्यांत घेवडा पेरून तीन आठवडे बघा. घेवड्याची पानं सरळ आली तरच ते खत टोमॅटोला.

ओंटारिओकर | २ मे

या आठवड्यात सगळ्यांची घाई सुरू होईल, म्हणून बाहेर न्यायचा क्रम. घरातल्या २०० पीपीएफडीच्या उजेडातून मे महिन्यातल्या दुपारच्या १५००-२००० मध्ये थेट नेलं की एका तासात पानं पांढरी, कागदासारखी होतात. पहिले दोन दिवस सावलीत दोन तास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन एक-दोन तास. मग रोज तास-दोन तास वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण ऊन. वाऱ्याची पहिल्यांदाच गाठ पडते, तेव्हा भिंतीच्या आडोशाला ठेवा. बाहेर कुंड्या दिवसातून दोनदाही सुकतात. ढगाळ आठवडा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

रात्री तापमान १० °से.च्या खाली जाणार असेल तर टोमॅटो आत, १३ च्या खाली तर मिरची-वांगी आत. वांगं बाहेर लावलं की त्याच दिवशी जाळीच्या कापडाने झाका. पिसूसारखे उड्या मारणारे काळे भुंगेरे कोवळ्या पानांची दोन दिवसांत चाळण करतात. कापड पहिलं फूल दिसलं की काढा.

झुणका_भाकर | १६ मे

टोमॅटो काल लावले. मिरच्या ट्रेमध्ये दाटल्यात. दिवसा २४, रात्री ११. लावू का?

रानजाई | १६ मे

मातीत बोटभर खोल तापमापक खुपसून सकाळी आठला बघा. सलग तीन दिवस १८ दिसलं तर लावा. तोवर कुंड्यांमधलं अंतर वाढवा आणि अर्ध्या डोसचं खत एकदा द्या. छोटी फुलं आली असतील तर खुडून टाका.

झुणका_भाकर | १७ मे

आज सकाळी १५.

रानजाई | १७ मे

मग थांबा. वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडांना विटा ठेवा आणि बुधवारी पुन्हा मोजा. दुधी उगवला असेल तर तोही २५ नंतरच.